मास्टर कृष्णराव : मैफलीतून माणसांत

भगिनींनो, गाणे शिकणाऱ्या मुलीच्या घरी एक वाद हमखास निघतो. मुलगी चार वर्षे पेटीपुढे बसून राग शिकते, परीक्षा देते, आणि एखाद्या दिवशी स्वयंपाकघरात सिनेमातले गाणे गुणगुणते. मग घरातले वडीलधारे म्हणतात की एवढे शिकून शेवटी हेच का? आणि मुलगी मनात म्हणते की लोकांना आवडते ते गायिले तर त्यात वाईट काय? थोरले संगीत आणि लोकांचे संगीत यांचे जमत नाही, एकाच्या वाट्याला गेले की दुसरे सुटते, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे.

या समजुतीला ज्यांच्या आयुष्याने उत्तर दिले त्या मास्टर कृष्णरावांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडले आहे. आपला भाग झाडीपट्टीचा. दिवाळी झाली, धान घरात आले, गावोगाव शंकरपट भरू लागले की रात्री मांडवात नाटक उभे राहते आणि थंडीत घोंगडी पांघरून आपण पहाटेपर्यंत पदे ऐकतो. तेव्हा नाट्यपदांतून मोठा झालेला हा गवई आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

त्यांचे पूर्ण नाव कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर. घराणे मूळ मराठवाड्यातल्या फुलंब्रीचे. कृष्णरावांचा जन्म १८९८ साली आळंदीला झाला. ज्ञानदेवांची समाधी जेथे आहे त्या गावात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत अभंग कानांवर पडत असतो. पुढे या माणसाच्या हातून अभंगांना ज्या चाली लागल्या त्यांचे बीज या मातीत पडले असावे, असे मानायला हरकत नाही.

त्या काळी गोड गळ्याच्या मुलाला दोन वाटा असत, कीर्तनाची किंवा नाटक कंपनीची. कृष्णराव लहानपणीच नाट्यकला प्रवर्तक संगीत मंडळीत दाखल झाले. संत सखूची भूमिका त्यांनी लहान वयात केली आणि ती लोकांना फार आवडली. नाटकात काम करणाऱ्या मुलांच्या नावामागे मास्टर लावण्याची तेव्हा रीत होती. मुले मोठी झाली की बहुतेकांचे ते बिरूद गळून पडे. कृष्णरावांचे मात्र जन्मभर टिकले. याच कंपनीत सवाई गंधर्वांसारख्या गवयाकडून त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले.

पण खरी विद्या मिळाली ती भास्करबुवा बखले यांच्याकडे. १९११ च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ते बुवांचे शिष्य झाले. भास्करबुवा म्हणजे त्या काळातले विलक्षण गवई. ग्वाल्हेरची तालीम त्यांनी फैज महंमद खाँ यांच्याकडे घेतली, आग्र्याची नत्थन खाँ यांच्याकडे आणि जयपूरची अल्लादिया खाँ यांच्याकडे. तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात आणणे सोपे नव्हते. प्रत्येक उस्तादाची सेवा करावी लागे, त्याची मर्जी सांभाळावी लागे, आणि तो देईल तेवढेच घ्यावे लागे. बुवांनी हे कष्ट सोसले आणि मिळालेले धन शिष्यांना मोकळ्या हाताने वाटले. पुण्यात गायन समाज काढून त्यांनी सामान्य घरांतल्या मुलांना गाणे शिकण्याची सोय केली. हीच संस्था पुढे भारत गायन समाज म्हणून नावारूपाला आली.

बुवांची आणखी एक गोष्ट कृष्णरावांच्या मनावर ठसली. एवढा मोठा मैफलीचा गवई, पण नाटकाच्या पदांना चाली देण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. खाडिलकरांच्या स्वयंवर नाटकातल्या, १९१६ सालच्या, चाली बुवांच्या. ख्यालातल्या, ठुमरीतल्या जागा त्यांनी पदांत अशा बसवल्या की ज्याने कधी मैफल ऐकली नाही अशा प्रेक्षकानेही यमन आणि भीमपलास नाव न कळता ओळखावा. विद्या पातळ न करता ती लोकांच्या ओंजळीत कशी घालावी, याचा हा पहिला पाठ कृष्णरावांना गुरूच्या घरीच मिळाला.

१९२२ साली भास्करबुवा गेले. कृष्णराव तेव्हा चोवीस वर्षांचे होते. पुढे ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून आणि चाली देणारे म्हणून राहिले. बालगंधर्व हेही बुवांचेच शिष्य, म्हणजे कृष्णरावांचे गुरुबंधू. या जोडीचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९३१ साली रंगभूमीवर आलेले कान्होपात्रा हे नाटक. कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. राजाच्या जनानखान्यात जाण्यापेक्षा विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडणे तिने पत्करले. या नाटकातल्या अभंगांना कृष्णरावांनी ज्या चाली दिल्या त्या नाट्यगृहातून बाहेर पडल्या आणि भजनी मंडळांत गेल्या. आज कित्येक भगिनी ते अभंग गातात आणि त्यांना वाटते की ही चाल संतांच्या काळापासून अशीच चालत आली असेल. चाल देणाऱ्याचे नाव विसरले जावे आणि चाल मात्र उरावी, याहून मोठा मान त्याला कोणता मिळायचा?

याच सुमारास काळ बदलला. १९३१ साली भारतात पहिला बोलपट झाला, १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. रात्रभर चालणारे नाटक पाहण्यासाठी जो पैसा लागे त्याच्या थोड्या भागात दोन-तीन तासांत बोलपट पाहून घरी जाता येई. मोठमोठ्या कंपन्या कर्जात बुडाल्या. गंधर्व नाटक मंडळीलाही हा फटका बसला. बालगंधर्वांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीशी भागी केली, आणि त्यांच्याबरोबर कृष्णरावही १९३५ च्या धर्मात्मा या चित्रपटासाठी प्रभातच्या आवारात आले. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. मैफलीचे गवई म्हणून त्यांचे नाव झाले होते आणि ग्रामोफोनच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या.

धर्मात्मा हा एकनाथांच्या जीवनावरचा चित्रपट. त्याचे आधीचे नाव महात्मा असे होते. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजींचा वास आला आणि नाव बदलावे लागले. पैठणच्या ब्राह्मणांचा रोष पत्करून एकनाथ अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवायला जातात, हा त्याचा गाभा. शांताराम बापू दिग्दर्शक होते आणि जन्मभर स्त्रीभूमिका केलेले बालगंधर्व त्यात पुरुषवेषात एकनाथ झाले. बालगंधर्वांना ही नवी दुनिया मानवली नाही. कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्यांनी काम करायचे, समोर प्रेक्षक नाही, वन्स मोअर नाही. ते लवकरच रंगभूमीकडे परत गेले. कृष्णराव मात्र प्रभातमध्ये राहिले.

इथे थोडे थांबून पाहू. दोघे एकाच गुरूचे शिष्य, दोघांचा गळा असामान्य. मग एकाला जमले नाही ते दुसऱ्याला कसे जमले?

चित्रपटाचे संगीत हे निराळ्याच मापाचे काम होते. मैफलीत गवई तंबोरे जुळवून बसला की वेळ त्याच्या हातात असतो. राग हळूहळू उलगडायचा, एका स्वरावर हवे तेवढे थांबायचे, श्रोत्याने मान डोलावली की तीच जागा पुन्हा घ्यायची. नाटकातही पद रंगले तर अर्धा अर्धा तास चाले. बोलपटात हे सगळे बंद. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत, आणि गाणेही तेवढ्यातच आटोपावे लागे. गाणारी व्यक्ती अनेकदा गवई नसून नट असे. तिचा गळा बेताचा, तिच्याच गळ्याला झेपेल अशी चाल हवी. शिवाय गाण्याच्या आधी काय घडले, पात्र कोणत्या मनःस्थितीत आहे, पुढे काय व्हायचे आहे, हे सारे त्या तीन मिनिटांत सांभाळायचे. गाणी संपली तरी काम संपत नाही. पात्रे बोलत असताना, वादळ होत असताना, कोणी एकटे रस्त्याने जात असताना मागे वाद्ये काय वाजवतील हेही ठरवायचे. यातले पुष्कळसे मैफलीत शिकवले जात नाही.

कृष्णरावांनी ते शिकून घेतले, आणि ज्या विद्येने शिकले ती जुनीच होती. बंदिशीचा मुखडा नेमका कसा असावा हे चांगल्या गवयाला ठाऊक असते. दोन ओळींत रागाचे रूप उभे राहिले पाहिजे आणि समेवर येताना श्रोत्याला सुख झाले पाहिजे. तेच कसब त्यांनी चित्रपटाच्या गाण्याला लावले. तानांची माळ त्यांनी बाजूला ठेवली आणि एखादीच लहानशी हरकत नथीतल्या मोत्यासारखी नेमक्या ठिकाणी बसवली. त्यांच्या मैफलीच्या गाण्यात मुळातच खेळकरपणा होता, लयीशी लपंडाव होता. तो त्यांना इथे उपयोगी पडला.

१९३६ साली आला अमरज्योती. अन्याय सोसून समुद्रावर चाच्यांची नायिका झालेल्या स्त्रीची ही कथा, आणि ती भूमिका दुर्गाबाई खोट्यांची. स्त्रीला गुलाम समजणाऱ्या राज्यव्यवस्थेविरुद्ध तलवार उचलणारी नायिका त्या दिवसांत पडद्यावर दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. या चित्रपटात शांता आपटे आणि बालनटी वासंती यांनी गायिलेली गाणी देशभर गेली. पुढे वहाँ आला. १९३८ च्या गोपालकृष्ण चित्रपटात गोकुळ आणि गुराखी पोरे यांना शोभेल असे साधे, मोकळे संगीत त्यांनी दिले. त्यात बाळकृष्ण झालेला मुलगा म्हणजे राम मराठे. हा मुलगा पुढे कृष्णरावांचा शिष्य झाला आणि पंडित राम मराठे म्हणून मैफली गाजवू लागला. चित्रपटाने शास्त्रीय गाण्याचा एक गवई पळवला असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्याच चित्रपटाच्या आवारातून एक मोठा गवई मैफलीला मिळाला.

१९३९ सालचा माणूस हा बहुधा त्यांच्या चित्रपटसंगीतातला सर्वांत धीट प्रयोग. गणपत नावाचा पोलीस शिपाई आणि मैना नावाची वेश्या यांची ही कहाणी. मैनेची भूमिका शांता हुबळीकर यांनी केली. तिच्या तोंडी एक गाणे आहे, त्यात एकामागून एक अनेक भाषांची कडवी येतात. तिच्याकडे येणारे गिऱ्हाईक नाना प्रांतांचे, म्हणून गाणेही नाना प्रांतांचे. प्रत्येक कडव्याला त्या त्या प्रांताचा ढंग देऊन पुन्हा धृपदावर आणून सोडायचे, हे काम चालींचा मोठा साठा असल्याखेरीज होत नाही. वर आनंदी आणि आत दुखरे असे ते गाणे आहे. उद्याचा विचार करायला जिला उद्याच नाही अशा बाईचे दुःख त्या उडत्या चालीखाली झाकलेले आहे. शब्दाला नुसती गोड चाल लावणे वेगळे आणि त्या बाईचे आयुष्य चालीत उतरवणे वेगळे. कान्होपात्रेचे अभंग ज्याने केले त्यानेच मैनेचे गाणे केले, हे विसरू नये. देवळाच्या पायरीवरची गणिकेची मुलगी आणि शहरातल्या गल्लीतली मैना, दोघींना त्याने सारख्याच आदराने सूर दिले.

१९४१ साली शेजारी झाला. एका गावातला हिंदू आणि एका गावातला मुसलमान, पिढ्यांचे शेजारी. धरण बांधणाऱ्या कंपनीचा माणूस त्यांच्यात कली घालतो आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरून जातात. यातले चांदण्या रात्रीचे समूहगीत आजही शाळांच्या संमेलनांत ऐकू येते. अनेक गळ्यांनी एकदम म्हणावे आणि कोणाचाही सूर अडखळू नये, अशी त्याची बांधणी आहे.

प्रभातनंतरही काम चालूच राहिले. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या कुलवधू नाटकाला त्यांनी संगीत दिले. चित्रपटात काम करणाऱ्या विवाहितेचा प्रश्न या नाटकात मांडला होता आणि ज्योत्स्नाबाई भोळे नायिका होत्या. नाटकाच्या पदांची संख्या कमी झाली होती, लांबी आटोपशीर झाली होती. चित्रपटात शिकलेला नेमकेपणा त्यांनी इथे रंगभूमीला परत दिला. त्यातली ज्योत्स्नाबाईंची भैरवी गायिका आजही मैफलीच्या शेवटी घेतात. १९४४ साली राजकमलच्या भक्तीचा मळा या चित्रपटात सावता माळ्याची भूमिका त्यांनी स्वतः केली. १९५९ साली कीचकवधाला संगीत दिले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्यातले लताबाईंच्या आवाजातले रात्रीचे गाणे ऐकले की हा चालकार म्हातारा झाला होता असे कोण म्हणेल?

आता त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या लढ्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण त्यात त्यांची हार झाली. वंदे मातरम् या गीताचा त्यांना ध्यास होता. आपल्या मैफलीची अखेर ते या गीताने करीत. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या रेडिओवर त्यांनी ते गायला सुरुवात केली तेव्हा प्रक्षेपण मध्येच थांबवले गेले. कृष्णरावांनी रेडिओवर गाणेच सोडून दिले आणि स्वातंत्र्य येईपर्यंत ते पाळले. गवयाला रेडिओ म्हणजे उत्पन्न आणि प्रसिद्धी. दोन्हींवर त्यांनी पाणी सोडले.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत ठरवण्याची वेळ आली. वंदे मातरम् समूहाला गाता येत नाही, बँडवर वाजवता येत नाही, असा आक्षेप पुढे आला. राजकीय आणि धार्मिक आक्षेपही होतेच, पण त्यांना उत्तर देणे हे गवयाचे काम नव्हते. संगीताच्या आक्षेपाला उत्तर त्यांच्याजवळ होते. झिंझोटी रागात त्यांनी या गीताला सरळ, सुटसुटीत चाल बांधली, त्याचे स्वरलेखन केले, बँडवर ते वाजते हे सिद्ध केले, आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांपुढे ते सादर केले. मुखड्याने माणसाला धरावे, कोणाच्याही गळ्याला जड जाऊ नये, थोड्या वेळात पुरे व्हावे, या साऱ्या गोष्टी त्यांनी चित्रपटाच्या कामात हाताखालून घातल्या होत्या. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय झाला. जन गण मन राष्ट्रगीत ठरले आणि वंदे मातरम् ला बरोबरीचा मान देण्यात आला. वर्षानुवर्षांच्या खटपटीचे फळ हवे तसे मिळाले नाही. म्हणून त्यांनी कडवटपणा धरला नाही की गाणे थांबवले नाही.

यानंतर १९५६ साल उजाडले. या सालाचे आपल्या जिल्ह्याशी जवळचे नाते आहे. १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचे सोहळे झाले. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून मास्टर कृष्णरावांनी बुद्धवंदनेला संगीत दिले. वंदना पाली भाषेतली. ती भाषा समजल्यावाचून चाल द्यायची नाही म्हणून त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी पालीचे उच्चार आणि अर्थ शिकून घेतले. या वंदनेची ध्वनिमुद्रिका निघाली. आळंदीच्या वैदिक घरात जन्मलेला, अभंगांत वाढलेला हा माणूस नव्या उपासकांच्या प्रार्थनेला सूर देण्यासाठी विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत सांगावी अशी आहे. एकनाथांचा धर्मात्मा चित्रपटात रंगवून थांबणारा हा कलावंत नव्हता.

अखेरच्या काळात त्यांनी गुरूंचे ऋण फेडण्याकडे लक्ष दिले. भारत गायन समाजाचे काम पाहिले, शिष्य तयार केले, आणि बंदिशी स्वरलिपीसह रागसंग्रह या नावाने सात भागांत प्रसिद्ध केल्या. पूर्वी एकेका बंदिशीसाठी उस्तादाच्या दारी वर्षे घालवावी लागत. ते धन त्यांनी पुस्तकात घालून कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, हे चरित्र पाहिले म्हणजे घरातल्या त्या वादाला थोडे वेगळे वळण मिळते. कृष्णराव लोकांपर्यंत पोचले ते विद्या कमी करून नव्हे. अकरा वर्षे गुरूपुढे बसून ती पुरती कमावल्यावर पोचले. साधी चाल बांधायला मोठी तयारी लागते, जसे पाहुण्यांना साधे वरणभात चांगले वाढायला हात बसलेली गृहिणी लागते. तेव्हा आपल्या मुलीने सिनेमाचे गाणे म्हटले तर रागावू नका. तिला एवढेच विचारा की ही चाल कोणत्या रागातली आहे. तिने सांगितले तर तिच्याबरोबर आपणही म्हणावे. सांगता आले नाही तर दुसऱ्या दिवशी पेटी उघडून ते दोघींनी मिळून शोधावे. आपल्या मंडळात अभंग गाणाऱ्या आहेत आणि शेजारच्या विहारात वंदना म्हणणाऱ्याही आहेत. दोघींपर्यंत सूर घेऊन गेलेल्या या एका गवयाचे नाव दोघींनाही ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.